अकरावं वचन आणि त्याचे शेजारी

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन हमखास भेटतं. खडकीच्या चाळीत, पिंपरीच्या दोन खोल्यांत, वडगाव शेरीच्या नव्या फ्लॅटमध्ये. भिंतीवरच्या चौकटीत, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, दहावीचा निकाल लागला की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तुमच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, ते हिताचं आहे, अनिष्टाचं नाही, त्यातून तुम्हाला पुढचे दिवस आणि आशा मिळावी, असं परमेश्वर त्यात सांगतो. माणसं हे वचन उगाच लावत नाहीत. घरात आजारपण असतं, नोकरी कंत्राटाची असते, मुलगी परगावी शिकायला गेलेली असते. या वचनाने कितीतरी जणांना सावरून धरलं आहे. ती चौकट भिंतीवरून उतरवायला लावण्याचा अधिकार कुठल्याही उपदेशकाला नाही.

मात्र रविवारी तेच वचन घेऊन पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभं राहायचं असेल, तर आजूबाजूला पाहावंच लागतं. हा अध्याय म्हणजे यरुशलेमातून बाबेलला हद्दपार झालेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत. नवव्यात खोटे संदेष्टे आहेत. सातव्यात शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना करायची आज्ञा आहे, आणि पाचव्यात त्याच शहरात घरं बांधायला सांगितलं आहे. अकरावं वचन या वस्तीत राहतं. मंडळीला शास्त्र उलगडून सांगणं म्हणजे, मला विचाराल तर, आधी वचनाला त्याचे शेजारी परत मिळवून देणं. मुद्दे, दाखले, आवाज, वेळ या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

म्हणून तयारीतलं पहिलं काम शास्त्रभागाच्या कडा ठरवण्याचं. कुठून वाचायचं आणि कुठे थांबायचं? आपण सहसा अध्यायाच्या आकड्यावर विसंबतो, पण ते आकडे मूळ लेखकांचे नाहीत. आज वापरात असलेले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन याने पाडले असं मानलं जातं. नव्या करारातल्या वचनांना आजचे क्रमांक रोबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ साली दिले. आपल्या बायबलात परिच्छेदांवर ठळक अक्षरांत छापलेले मथळे तर संपादकांचे असतात. संदर्भ शोधायला ही सगळी सोय उत्तम आहे, पण अर्थाच्या कडा अनेकदा वेगळीकडे असतात. सृष्टीच्या सातव्या दिवसाची गोष्ट उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात गेली आहे, तिचं नातं मात्र पहिल्या अध्यायाशी आहे. दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत यशया ५३:१ ला सुरू होत नाही, ५२:१३ ला होतं. तिथून वाचलं की सेवक उंचावला जाणार हे आधी ऐकू येतं आणि मग त्याचं तुडवलं जाणं. कलस्सैकरांस पत्रातली धन्यांना दिलेली आज्ञा चौथ्या अध्यायाच्या माथ्यावर एकटी पडली आहे, तिचे दास तिसऱ्या अध्यायातच राहिले. प्रेषित पौल माझं अनुकरण करा म्हणतो ते वचन १ करिंथकरांस ११ च्या आरंभी छापलेलं आहे, पण ते दहाव्या अध्यायातल्या मूर्तींच्या नैवेद्याच्या चर्चेचा शेवट आहे.

कडा कुठे आखायची हा प्रश्न किती गंभीर आहे ते नासरेथच्या सभास्थानात दिसतं. लूक ४ मध्ये येशू यशयाची गुंडाळी वाचतो, परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षापाशी येतो आणि थांबतो. यशया ६१:२ मध्ये त्याच वाक्यात पुढे सूड घेण्याचा दिवस आहे. तो न वाचता त्याने गुंडाळी परत दिली. त्याला तसं थांबण्याचा अधिकार होता. आपल्याला वाक्य अर्ध्यात सोडण्याचा नाही.

ज्या मंडळ्यांत कोणत्या रविवारी कोणता शास्त्रभाग वाचायचा याचा वाचनक्रम ठरलेला असतो, तिथे कडा आधीच आखून आलेल्या असतात, आणि त्याही तपासायला हव्यात. जगभर अनेक मंडळ्या वापरतात त्या सामायिक वाचनक्रमात यिर्मया २९ मधली वचनं १ आणि ४ ते ७ एवढीच एका रविवारी येतात. म्हणजे आपल्या भिंतीवर अकरावं वचन आहे पण पाचवं नाही, आणि वाचनक्रमात पाचवं आहे पण अकरावं नाही. दोन्हीकडे पत्र फाटलेलंच आहे. यिर्मया २९ साठी मी १ ते १४ अशी कडा घेईन. पंधराव्या वचनापासून विषय यरुशलेमात मागे राहिलेल्यांकडे आणि बाबेलातल्या खोट्या संदेष्ट्यांकडे वळतो.

कडा ठरली की सोमवारी फक्त वाचायचं. मोठ्याने, दोन-तीनदा, टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्राचं विवरण करणारी पुस्तकं, न उघडता. एकदा जुन्या मराठीत, एकदा नव्या सोप्या मराठीत, आणि इंग्रजी येत असेल तर तिथेही. मग चौदाही वचनं वहीत हाताने उतरून काढायची. अर्धा-पाऊण तास जातो, पण डोळा ज्या शब्दांवरून घसरत असतो तिथे हात अडतो. पहिल्या वचनात लिहिलंय की लोकांना बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमातून बाबेलला नेलं. चौथ्या वचनात तीच घटना परमेश्वर सांगतो, आणि म्हणतो की मी त्यांना नेलं. सातव्यात पुन्हा तेच, ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलं. एकाच हद्दपारीचे दोन कर्ते. हे वाचताना सुटतं, लिहिताना सुटत नाही. आणि हे दिसल्याशिवाय अकराव्या वचनाचा अर्थ लागणार नाही, कारण हिताचे विचार बाळगणारा तोच आहे, ज्याने त्यांना तिथे पाठवलं.

मंगळवारी क्रियापदांखाली रेघा मारायच्या. पाचव्या ते सातव्या वचनात आज्ञांची रांगच आहे: बांधा, राहा, लावा, खा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, वाढा, घटू नका, शहराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. इथे सगळं करायचं आहे लोकांनी. आठव्या-नवव्यात एक नकार: तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या आणि ज्योतिष्यांच्या फसवणुकीला भुलू नका. दहाव्यापासून कर्ता बदलतो. मी तुमची भेट घेईन, मी माझं वचन पुरं करीन, मी तुम्हाला परत आणीन, मी तुम्हाला सापडेन, मी तुम्हाला गोळा करीन. मधे लोकांच्या वाट्याला एवढंच येतं, हाक मारणं, प्रार्थना करणं आणि मनापासून शोधणं. म्हणजे बांधणं-पेरणं लोकांचं, परत नेणं देवाचं. एवढं कागदावर उतरलं की उपदेशाचा सांगाडा हाती आला. तो शास्त्रभागातूनच वर आलेला असतो, बाहेरून तीन मुद्दे आणून बसवावे लागत नाहीत.

बाहेरून मुद्दे आणण्याची सवय मराठी पुलपिटवर फार आहे आणि तिचं कारणही कळतं. मराठीत टीकाग्रंथ मोजके, इंग्रजीत कपाटंच्या कपाटं. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेला पाळकही बहुतेक इंग्रजीतच वाचतो. इंग्रजी उपदेशात एकाच अक्षराने सुरू होणारे तीन मुद्दे असतात, मराठीत उतरवले की ते तीन परकी नामं होऊन बसतात आणि घरी जाताना कुणाच्या लक्षात राहत नाहीत. टीकाग्रंथ जरूर वाचावा, पण बुधवारी, आपली निरीक्षणं लिहून झाल्यावर. आधी वाचला तर आपल्याला तेवढंच दिसतं जेवढं त्याने दाखवलं.

बुधवार इतिहासाचा. हे पत्र कुणी, कुणाला, कधी लिहिलं? इ.स.पू. ५९७ मध्ये यकन्या राजा, राजमाता, दरबारी, कारागीर आणि लोहार बाबेलला नेले गेले. त्यांना हे पत्र आहे. यरुशलेम अजून उभं आहे, मंदिर उभं आहे, सिद्कीया गादीवर आहे. ते सगळं जळायला अजून साधारण दहा वर्षं आहेत. सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे पाठवलेल्या दोन माणसांच्या, एलासा आणि गमऱ्या यांच्या हाती यिर्मयाने हे पत्र दिलं. अंतर केवढं? पुढच्या काळात परतलेल्या एज्रा या शास्त्र्याला बाबेलहून यरुशलेमला पोचायला चार महिने लागले असं एज्रा ७:९ सांगतं. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या राजाला, म्हणजे याच यकन्याला, दिल्या जाणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. पुलपिटवर एवढी एक नोंद सांगितली तरी पत्र ज्यांना गेलं ती माणसं हाडामांसाची होतात.

पण खरा शेजारी आहे अठ्ठाविसावा अध्याय. सिद्कीयाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिरातून नेलेली भांडी परत येतील, राजा परत येईल. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू तो काढून मोडतो. यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन, परमेश्वर असं करो. त्यालाही तेच हवं होतं. नंतर मात्र त्याला निरोप येतो की लाकडाच्या जागी आता लोखंडी जू आहे. हनन्या त्याच वर्षी मरतो. दोन वर्षं की सत्तर वर्षं, या भांडणाच्या मधोमध अकरावं वचन उभं आहे. अकरावं वचन तेवढं कापून घेतलं, तर ते हनन्याच्या तोंडीही शोभलं असतं. ते यिर्मयाचं ठरतं दहाव्या वचनामुळे. ही गोष्ट मंडळीला सांगायला उपदेशातली पाच मिनिटं खर्च करावीत, ती वाया जात नाहीत.

आणि पत्राचे पहिले वाचक कशाने अस्वस्थ झाले ते अध्यायाच्या शेवटी कळतं. शमाया नावाचा बाबेलातला एक माणूस यरुशलेमच्या याजकाला लिहितो की या यिर्मयाला खोड्यात का घालत नाही? हा आम्हाला सांगतो, वेळ लागेल, घरं बांधा, बागा लावा. शमायाने आपल्या तक्रारीत अकरावं वचन घेतलंच नाही, पाचवं घेतलं. त्याला ते झोंबलं होतं.

हिशोबही मांडून पाहावा. सहाव्या वचनात तुम्ही, तुमची मुलं, तुमच्या मुलांची मुलं अशा तीन पिढ्या आहेत. हे पत्र ऐकताना जो चाळिशीचा होता, तो बाबेलातच मरणार. परत जाईल तो त्याचा नातू. सत्तर वर्षं नेमकी कुठून कुठे मोजायची यावर दोन मतं आहेत. बाबेलचा अंमल सुरू झाला त्या इ.स.पू. ६०५ च्या सुमारापासून बाबेल पडून पारसाचा राजा कोरेश याचा परत जाऊ देणारा हुकूम निघाला त्या ५३८ पर्यंत धरा, किंवा ५८६ मध्ये मंदिर जळलं तिथून ५१६ मध्ये नवं मंदिर पुरं झालं तिथपर्यंत. पुलपिटवर हा वाद घालू नये, एका वाक्यात सांगून पुढे जावं. मंडळीला कळायला हवं ते एवढं की ही एका माणसाच्या आयुष्यात आटोपणारी गोष्ट नव्हती, आणि तरीही देव तिला हित म्हणतो. हे अभिवचन एकट्यादुकट्याला नाही, सबंध समाजाला आहे. ज्याने ते पुरं झालेलं पाहिलं नाही तोही त्यात होता.

गुरुवारी एकच काम, एक वाक्य. सबंध भाग एका पूर्ण वाक्यात लिहायचा. मी इथे असं लिहीन: देवाने बाबेलात पाठवलेल्या लोकांनी तिथे घर करून त्या शहराचं भलं करावं, कारण परत नेण्याचं काम देवाने स्वतःकडे ठेवलं आहे आणि त्याची वेळही त्यानेच ठरवली आहे. वाक्य लांबलं तर चालेल, पण त्यात ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ हवं, म्हणजे आज्ञा आणि अभिवचन यांचा सांधा सुटत नाही. हे वाक्य न जमता शुक्रवारी लिहायला बसलं की उपदेश वाहत जातो. आशा या विषयावर चार वचनं, त्यांपैकी दोन स्तोत्रसंहितेतली, एक गोष्ट, एक गीत, आणि यिर्मया कुठेच नाही.

आता लागू करण्याचा भाग, जिथे सर्वांत जास्त घसरायला होतं. पुण्या-पिंपरीच्या मराठी मंडळ्यांत कितीतरी कुटुंबं अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालना, सोलापूर या बाजूंनी आलेली आहेत. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. तिथल्या गावागावांतली मंडळी पुढे कारखान्यांच्या, शाळा-दवाखान्यांच्या नोकऱ्यांसाठी पुण्याकडे आली. बाकावर बसलेल्या आजोबांचं घर पिंपरीत आहे, मन अजून राहुरीच्या बाजूला आहे. त्यामुळे घरं बांधा, बागा लावा, हे वचन त्यांच्या काळजाला थेट भिडतं. उपदेशकाला मोह होतो की बाबेल म्हणजे पुणे असं म्हणून मोकळं व्हावं. तसं करू नये. नगरहून पुण्याला कुणाला दोरखंडाने बांधून आणलं नव्हतं. माणसं पोटासाठी आली, आपल्या पायांनी आली. हा फरक न सांगता दाखला दिला तर तो फार पुढे जात नाही.

पूल शास्त्रातच आहे. पेत्राचं पहिलं पत्र पांगलेल्या, उपरे म्हणून राहणाऱ्या लोकांना लिहिलेलं आहे, दुसऱ्या अध्यायात तो त्यांना परदेशी व प्रवासी म्हणतो, आणि शेवटी बाबेलातल्या मंडळीचा सलाम कळवतो. म्हणजे ख्रिस्ती माणूस कुठेही राहत असला, अगदी जन्मगावात असला, तरी यिर्मयाचं पत्र त्याच्या पत्त्यावर येतं, पण पेत्राच्या हातून. या वाटेने आलं की मग शहराचं हित पाहा याला पुण्यात हात-पाय फुटतात. सोसायटीच्या मीटिंगला आपण जातो का? वॉर्डातल्या पाण्याचा, कचऱ्याचा प्रश्न मंडळीच्या प्रार्थनेत येतो का, की तिथे फक्त आपल्या सभासदांची दुखणीखुपणी येतात? महापालिकेच्या शाळेतल्या बाईंचं, रात्रपाळीच्या नर्सचं, वाहतूक पोलिसाचं नाव घेऊन प्रार्थना होते का? बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्यांचं १३७वं स्तोत्रही याच लोकांच्या तोंडचं आहे, आणि त्यात बाबेलचा सूड मागितला आहे. त्याच लोकांना सांगितलं की बाबेलसाठी प्रार्थना करा. ज्याच्याबद्दल मनात अढी आहे अशा शेजाऱ्यासाठी आपण या आठवड्यात प्रार्थना केली का, हा प्रश्न इथून सरळ निघतो. तो विचारावा आणि क्षणभर थांबावं.

जिच्या मुलाचा आजार बरा होत नाही आणि जी रोज त्या चौकटीकडे बघते, त्या आईलाही हाच उपदेश ऐकायचा असतो. तिच्यासमोर सत्तर वर्षं असा आकडा उच्चारायला छाती लागते. पण दोन वर्षं असं सांगणारा हनन्या तिला आधीच भेटलेला असतो, कुठल्या तरी सभेत, कुठल्या तरी व्हिडिओत, आणि तिचा विश्वास कमी पडला असा दोषही तिला देऊन गेलेला असतो. यिर्मयाचा देव तिला तारीख देत नाही, पण बारावं वचन देतो: तुम्ही मला हाक माराल आणि मी ऐकेन. ते परत जाण्याआधीचं आहे, बाबेलात असतानाचं आहे. मी तरी उपदेशात हे वचन तिच्यासाठी राखून ठेवीन.

जुन्या करारातून ख्रिस्तापर्यंत कसं जायचं, हा प्रत्येक वेळी पडणारा प्रश्न. सोपी वाट अशी की लाकूड दिसलं की वधस्तंभ, पाणी दिसलं की बाप्तिस्मा, लाल दोरी दिसली की रक्त. लुटल्या गेलेल्या वाटसरूला उचलून उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात ऑगस्टीन या प्राचीन धर्मगुरूने उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा रखवालदार म्हणजे पौल असं लावलं होतं. ऐकायला ते गोड आहे, पण मग तू जाऊन तसंच कर हे येशूचं शेवटचं वाक्य हवेत विरून जातं. यिर्मयातून जाणारी वाट त्याच पुस्तकात पुढे निघते. २९ नंतर ३० ते ३३ हे सांत्वनाचे अध्याय, त्यांत ३१:३१ चा नवा करार, आणि तोच नवा करार लूक २२:२० मध्ये येशूच्या शेवटच्या भोजनात, प्याल्याच्या वेळी. उपदेशाचा रविवार प्रभुभोजनाचा असेल तर ही वाट पुलपिटवरून टेबलापर्यंत चालत जाते. ती दाखवायला तीन मिनिटं पुरेत.

शुक्रवारी लिहायचं. पूर्ण लिहावं, नुसते ठिपके नकोत. मराठीत उपदेशाचा वेग मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्दांचा धरावा. पंचवीस मिनिटांसाठी अडीच हजारांच्या आसपास, तीन हजारांच्या पुढे नाही. सुरुवातीला तीन मिनिटं, इतिहासाला पाच, शास्त्रभाग उलगडायला दहा, उरलेली लागू करायला आणि प्रभूकडे नेणाऱ्या वाटेला. बहुतेकांचा तोल सुरुवातीलाच जातो. प्रस्तावना नऊ मिनिटं चालते आणि अकराव्या वचनाला येईपर्यंत घड्याळाकडे माना वळायला लागतात. शनिवारी कापायचं. सापडलेलं सगळं सांगायचं नसतं. पाचव्या-सहाव्या वचनांतलं घर, लागवड, लग्न या क्रमाचं जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या २०:५ ते ७ शी नातं आहे. तिथे याच तिघांना लढाईतून सूट मिळते, म्हणजे यिर्मया बंडाचा बेत सोडायला सांगतोय असं दिसतं. फार सुंदर निरीक्षण आहे. पण रविवारी ते घेतलं तर ऐकणाऱ्याला अनुवाद उघडावं लागतं, मग परत यायला दोन मिनिटं जातात. ते बुधवारच्या शास्त्राभ्यासाला ठेवावं. मूळ इब्री (हिब्रू) आणि ग्रीकचंही तसंच. ते घरी तपासायला आहे, मिरवायला नाही.

दाखल्यांविषयी एक गोष्ट मला मनापासून वाटते. मराठी कान कीर्तनावर घडलेला आहे. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. नगरच्या मिशनच्या काळापासून ख्रिस्ती कीर्तन झालं, नारायण वामन टिळकांनी ते केलं आणि लिहिलं, आणि मंडळीने ते आपलं मानलं. त्या परंपरेतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे: अभंगाची ओळ पुन्हा पुन्हा घेणं, निरूपणात श्रोत्याला थेट विचारणं, गाण्याने अर्थ पक्का करणं. उपदेशात मधेच थांबून सर्वांनी एक कडवं म्हणायला काय हरकत आहे? पण आख्यान निरूपणातून निघायला हवं. आजकाल आधी गोष्ट सापडते आणि तिच्यासाठी वचन शोधलं जातं. शनिवारी रात्री इंटरनेटवरून आलेली, कुठल्याशा परदेशी कॅप्टनची किंवा डॉक्टरची खरी-खोटी ठाऊक नसलेली गोष्ट रविवारी सांगू नये. गोष्ट खोटी निघाली तर ऐकणारा वचनावरही शंका घेतो.

वाचन हा उपदेशाचाच भाग आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो आणि लेवी लोकांमध्ये अर्थ सांगत जातात, तिथे वाचनाचा मान पहिला आहे. आपल्याकडे शास्त्रपाठ ऐनवेळी कुणाच्या तरी हाती दिला जातो, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेलं पोर एलासा, गमऱ्या, यकन्या यांवर अडखळतं, मंडळी ओशाळते. शुक्रवारीच त्या मुलाला भाग द्यावा, नावं दोनदा म्हणवून घ्यावीत. कोणतं भाषांतर वाचणार ते आधी सांगावं, कारण अर्ध्या लोकांच्या हातात छापील बायबल असतं, अर्ध्यांच्या फोनमध्ये दुसरंच भाषांतर उघडलेलं असतं. अध्याय सांगून पानं उलटण्याचा आवाज थांबेपर्यंत गप्प राहावं. दगडी देवळांत आवाज घुमतो, तिथे वाक्यं आखूड ठेवून प्रत्येकाच्या शेवटी श्वास घ्यावा. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या मंडळीत जुलैच्या पावसात माइक असूनही काही ऐकू जात नाही. मध्यवर्ती वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावलेलं असलं की तेवढं तरी घरी जातं.

साध्या माणसाला शास्त्र कळावं म्हणून काय करावं लागतं हे पाहायला पुण्याहून फार लांब जायला नको. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. छपाई तिथल्याच छापखान्यात झाली, आणि ते काम तिथल्या स्त्रियांच्या हातचं होतं. सबंध बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली ही बाई गावाकडच्या बायकांना समजेल अशा भाषेसाठी इतकी वर्षं झिजली. हे मनात ठेवलं तर आपल्या उपदेशातले नीतिमत्त्व, पवित्रीकरण, प्रायश्चित्त असे जड शब्द न उलगडता पुढे जायला धीर होत नाही.

शेजाऱ्यांशिवाय फिरणारी आणखी वचनंही आपल्या तोंडी आहेत. फिलिप्पैकरांस ४:१३, मी सर्वकाही करू शकतो, हे परीक्षेला आणि धंद्याला लावलं जातं. वरच्या दोन वचनांत पौल उपाशी राहायला शिकलो असं लिहितो. मत्तय १८:२०, जिथे दोघे किंवा तिघे, हे प्रार्थनासभेला माणसं कमी आली की हमखास म्हटलं जातं. त्याच्या थोडं वरची वचनं, १५ ते १७, चुकलेल्या भावाला एकट्याने, मग साक्षीदारांसह, मग मंडळीसमोर समजावण्याची आहेत. प्रकटीकरण ३:२०, दाराशी उभा राहून ठोकणारा ख्रिस्त, हा लावदिकीयाच्या मंडळीला सांगितलेला शब्द आहे, आपल्याला कशाची गरज नाही असं समजणाऱ्या मंडळीला.

यिर्मया २९ ची वचनं १५ ते ३२ दुसऱ्या रविवारी घ्यावीत. हा भाग सहसा गाळला जातो, कारण त्यात सडके अंजीर आहेत, तलवार-दुष्काळ-मरी आहे, आणि बाबेलच्या राजाने विस्तवात भाजलेले अहाब आणि सिद्कीया (राजा सिद्कीया नव्हे) असे दोन खोटे संदेष्टे आहेत. लहान मुलं संडे स्कूलला गेल्यावर हा भाग वाचावा, पण वाचावा. त्या दोघांवरचा आरोप दुहेरी आहे, शेजाऱ्यांच्या बायकांशी व्यभिचार आणि देवाच्या नावाने खोटं बोलणं. पुलपिटवर उभं राहणाऱ्याने हे वचन आधी एकट्याने वाचावं. शास्त्राभ्यासाला कुणी विचारेल की काही बायबलांच्या तळटीपेत १६ ते २० ही वचनं जुन्या ग्रीक भाषांतरात नाहीत असं का लिहिलंय. त्याला सरळ सांगावं की यिर्मयाचं ग्रीक भाषांतर इब्रीपेक्षा बरंच आखूड आहे आणि त्यातली मांडणीही वेगळी आहे. ती वचनं वगळल्यास पंधरावं वचन थेट एकविसाव्याला जाऊन मिळतं, हेही त्याला वाचून दाखवावं, आणि मग दोन्ही प्रकारे वाचून अर्थात काय फरक पडतो ते गटालाच शोधायला लावावं.